एकटीने परदेशात निवृत्त जीवन: चियांग माई, मॉरिशस की पोर्तुगाल?

सुलभा_कोथरूड

नमस्कार मंडळी. वय ५८, बँकेतून निवृत्त. यजमान नाहीत, मूलबाळ नाही. भाऊ नाशिकला, भाचा पुण्यात. पेन्शन महिना ५२ हजार, फ्लॅट भाड्याने दिला तर २८ हजार, आणि मुदत ठेवी सगळ्या मिळून ९० लाख. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. इंग्रजी व्यवस्थित येतं.

पुढची दहा-बारा वर्षं परदेशात राहायचा विचार पक्का होत आला आहे. यादीत तीन नावं उरली आहेत: थायलंडमधलं चियांग माई, मॉरिशस आणि पोर्तुगाल. नेटवर सापडणारं बहुतेक लिखाण अमेरिकन जोडप्यांसाठी असतं. भारतीय पासपोर्ट, रुपयातली पेन्शन आणि एकटी बाई, हे तिन्ही धरून कुणी सांगेल का? यातलं काय माझ्या पैशांत बसतं, आणि इथली खाती, फ्लॅट, पेन्शन यांची व्यवस्था कशी लावायची?

पांथस्थ

सुलभाताई, आधी आकडे मांडू. ९० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ६ लाख ३० हजार, म्हणजे महिन्याला साधारण ५२ हजार. पेन्शन आणि भाडं धरून तुमची आवक १ लाख ३२ हजारांच्या घरात जाते, करापूर्वी.

थायलंडला ५० वर्षं पूर्ण झालेल्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळतो. अट अशी: बँकेत ८ लाख बाट, किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. बाटचा भाव २ रुपये ८० पैसे धरला तर ६५ हजार बाट म्हणजे १ लाख ८२ हजार रुपये, ते तुमच्या आवकीत बसत नाही. ८ लाख बाट म्हणजे २२ लाख ४० हजार, ते ठेवींतून सहज निघतात. तेव्हा तुमच्यासाठी रस्ता ठेवीचाच.

त्यातही दोन वाटा आहेत. पहिली, मुंबईच्या थाई वकिलातीकडे ऑनलाइन अर्ज करून 'नॉन-इमिग्रंट ओ-ए' घ्यायचा. यात सुरुवातीला पैसे भारतातल्याच खात्यात दाखवले तरी चालतात. पण पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स, ठरावीक आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ३० लाख बाटचं संरक्षण देणारा आरोग्य विमा लागतो. विमानतळावर शिक्का विम्याच्या मुदतीपुरताच मारतात. पॉलिसीचे सात महिने उरले असतील तर मुक्कामही सातच महिन्यांचा. म्हणून पॉलिसी प्रवासाच्या तारखेपासून सुरू करायची.

दुसरी वाट म्हणजे थायलंडमध्ये जाऊन ९० दिवसांचा 'नॉन-ओ' काढायचा आणि मग दर वर्षी मुदतवाढ घ्यायची. इथे विम्याची सक्ती नाही, पण ८ लाख बाट थाई बँकेतच हवेत: मुदतवाढीच्या आधी दोन महिने, नंतर तीन महिने, आणि उरलेल्या वर्षात ४ लाखांच्या खाली एक दिवसही जाता कामा नये. अर्ज बहुतेक इथेच फसतात. हॉस्पिटलचं बिल आलं, त्याच खात्यातून पैसे काढले, पुढच्या मुदतवाढीला पासबुकात तो खड्डा दिसला की अर्ज नामंजूर. हे खातं व्हिसापुरतंच ठेवा, रोजच्या खर्चाला दुसरं.

बाहेर जाताना री-एंट्री परमिट विसरू नका. एका फेरीचे १,००० बाट, अनेक फेऱ्यांचे ३,८००. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भावाच्या आजारपणाचा फोन आल्यावर रात्रीच्या विमानाने निघणाऱ्याला हे आठवत नाही. म्हणून मुदतवाढ मिळेल त्याच दिवशी ३,८०० भरून मोकळं व्हायचं.

शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, फॉर्म टीएम ४७. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत मुभा असते, चुकलं तर २,००० बाट दंड. टीएम ३० म्हणजे घरात परदेशी माणूस राहतो हे कळवणारा फॉर्म, तो घरमालकाने भरायचा असतो. तो भरला नाही तर बाकीची कामं अडतात, म्हणून घर पसंत करतानाच विचारा, 'टीएम ३० भरता ना?' उत्तर देताना जो कां-कूं करतो, त्याचं घर घेऊ नका.

पोर्तुगालचा डी-७ हा निवासाचा व्हिसा पेन्शन, भाडं, व्याज अशा बसल्या उत्पन्नावर मिळतो. उंबरठा तिथल्या किमान वेतनाइतका, २०२६ साठी महिना ९२० युरो. युरो १०० रुपये धरला तर ९२ हजार, म्हणजे कागदावर तुम्ही बसता. पण बसणं आणि राहणं वेगळं. एकटीला घरभाडं अर्धं वाटून घ्यायला कुणी नसतं. नव्या माणसांना मिळणारी जुनी करसवलत २०२४ पासून बंद आहे. पहिल्या परवान्याच्या मुदतीत सलग ६ महिने किंवा एकूण ८ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर परवाना धोक्यात येतो, त्यामुळे भारतात लांब मुक्काम करता येणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची गोष्ट निराळी, त्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचीच वाट आहे (मात्र ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं). तुमच्या बाबतीत मी पोर्तुगाल यादीतून काढीन.

दक्षिणवारा

मॉरिशसबद्दल मी लिहिते. ५० पूर्ण झालेल्या परदेशी निवृत्तांना दहा वर्षांचा निवास परवाना मिळतो, अर्ज तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे. अट म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम मॉरिशसच्या बँकेत बाहेरून यायला हवी. पूर्वी १,५०० डॉलर होती, ती वाढून २,००० झाली, किंवा वर्षाचे मिळून २४ हजार. डॉलर ९० रुपये धरला तर १ लाख ८० हजार महिना. तुमची आवक त्यापेक्षा ४८ हजारांनी कमी पडते, म्हणजे वर्षाला पावणेसहा लाख ठेवीतून काढावे लागतील.

पण अट पैसे आणण्याची आहे, खर्च करण्याची नाही. महिना १ लाख १० हजारांत भागवलंत तर उरलेले तिथल्याच खात्यात साठतात. भांडवल कमी होत नाही, फक्त रुपयातून मॉरिशसच्या चलनात जातं. ते परत आणताना दोनदा विनिमयाचा तोटा बसतो, एवढं धरून चाला.

तपासण्या: छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. सरकारी रुग्णालयातले उपचार तिथल्या नागरिकांना मोफत असतात, रुग्णवाहिकेसाठी ११४. वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते मे. इशारा वरच्या श्रेणीत गेला की सगळं बंद होतं आणि घराबाहेर पडता येत नाही. एकट्या माणसाने त्या काळात दोन आठवड्यांच्या गोळ्या, पिण्याचं पाणी आणि चार्ज केलेली पॉवर बँक घरात ठेवलीच पाहिजे. घर कुठे घ्यायचं हेही हवेवर ठरतं. क्युरपीप उंचावर आहे, तिथे सतत पाऊस आणि ओल असते, कपाटातल्या साड्यांना बुरशी लागते. क्वात्र बोर्न किंवा रोझ हिलला हवा कोरडी, बाजार जवळ आणि बसने राजधानीला जाता येतं.

तुमच्यासाठी मॉरिशसचा मोठा गुण सांगते. एकोणिसाव्या शतकात कोकण-साताऱ्याकडून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात. घरात मात्र बहुतेक क्रिओलच बोलतात, तेव्हा पुण्यासारखी मराठी कानावर पडेल अशी अपेक्षा नको. पण मंडळात नाव घातलं, गणपतीच्या तयारीला हात लावला की चार घरं तुम्हाला ओळखतात. भाजीला कांदा-लसूण आणि डाळ मिळण्याची चिंता तर मुळीच नाही.

खातेवही

पैशांचं नीट समजून घ्या, इथे लोकांचे लाखभर रुपये सहज अडकतात.

परदेशात पैसे पाठवायची मर्यादा आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार डॉलर. ती तुम्हाला पुरते. प्रश्न टीसीएसचा आहे, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक वरून वसूल करते त्या रकमेचा. एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत काही कापत नाहीत, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. चियांग माईचे २२ लाख ४० हजार एकदम पाठवलेत तर १२ लाख ४० हजारांवर २ लाख ४८ हजार वेगळे भरावे लागतील. तेच १० लाख मार्चमध्ये आणि उरलेले १ एप्रिलनंतर पाठवलेत तर टीसीएस ४८ हजारांवर येतो. हा कर नाही, आगाऊ भरणा आहे. २६-एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत) दिसतो, विवरणपत्रात वळता होतो. पण परतावा येईपर्यंत पैसे अडकतात.

दुसरी गोष्ट: अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने गेलात की फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) दृष्टीने तुम्ही अनिवासी होता, आणि तेही जाण्याच्या दिवसापासून. पहिली १८२ दिवसांची वाट बघायची नसते. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं, मुदत ठेवींना कळवायचं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवीन खातं नाही. ६० पूर्ण झाल्यावर ते उघडायचा बेत असेल तर आत्ताच सोडून द्या.

एनआरओवरच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कापते. तुमच्या ६ लाख ३० हजारांवर १ लाख ९६ हजार. प्रत्यक्ष कर त्याहून पुष्कळ कमी होत असेल, तरी १५-एच (कर कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म) देता येत नाही, तो फक्त निवासींसाठी. उपाय दोन: आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र घेणं, किंवा दर वर्षी विवरणपत्र भरून परतावा मागणं. भाड्यालाही हेच. मालकीण अनिवासी झाली की २८ हजार भाड्यातून भाडेकरूने दर महिन्याला ८,७३६ रुपये कापून भरायचे असतात आणि त्यासाठी त्याला टॅन क्रमांक (कर कापून भरणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो. बहुतेक भाडेकरू हे ऐकून पळतात. कंपनीला कर्मचाऱ्यासाठी फ्लॅट देणं यात सोपं पडतं, त्यांच्याकडे टॅन असतोच.

अनिवासी झाल्यावर एनआरओतून पेन्शन, भाडं, व्याज बाहेर नेता येतं, मुद्दलही वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत. सीएचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर टीसीएस नाही.

पेन्शनसाठी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. जीवन प्रमाण मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, नाहीतर भारतीय वकिलातीत सही करून मिळतो. चियांग माईला भारताची वकिलात आहे, बँकॉक गाठावं लागत नाही.

आणि मोबाइल क्रमांक! निघण्याआधी रोमिंग चालू करा, रिचार्ज वर्षाचा मारा, त्याची आठवण भाच्याच्या कॅलेंडरातही टाका. क्रमांक बंद पडला की ओटीपी बंद, ओटीपी बंद की सगळी खाती बंद, आणि तो परत चालू करायला इथे यावं लागतं.

सुलभा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लॅट आणि बँकेसाठी भाच्याला कुलमुखत्यारपत्र द्यायचं ठरवलं होतं. तेवढ्याने भागेल ना? आणि वर्षातले सहा महिनेच तिकडे राहिले तर यातलं किती टळेल?

निशिगंध

ताई, कुलमुखत्यारपत्राने भागत नाही, आणि एकट्या माणसाने हे सगळ्यात आधी समजून घ्यावं. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालकाचं मन अकार्यक्षम झालं की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे पक्षाघाताने तुमची शुद्ध गेली, भाच्याला पैसे काढायची खरी गरज पडली, तेव्हाच त्याच्या हातातला कागद निरुपयोगी. ज्या देशांत टिकाऊ मुखत्यारपत्र असतं तिथले लेख वाचून लोक इथे फसतात.

म्हणून तीन वेगळ्या गोष्टी करा. पहिली, वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम भावाच्या हाताशी. एनआरओ खातं निवासी नातेवाइकाबरोबर 'पहिला किंवा हयात' या पद्धतीने ठेवता येतं, पण त्यात पहिल्याच्या हयातीत दुसऱ्याला काढता येत नाही. तेव्हा अडीनडीचे पैसे भावाच्या स्वतःच्या नावावर ठेवणं हाच साधा मार्ग, विश्वास असेल तर. दुसरी, भाच्याला मुखत्यारपत्र फ्लॅट, भाडेकरार आणि सोसायटीपुरतं द्या. ते इथे असतानाच नोंदवा. परदेशात केलंत तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि पाकीट टेबलावर पडून ही मुदत हुकते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मृत्युपत्र. तुम्ही विधवा आहात आणि मूल नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमची स्वकष्टाची मिळकतही आधी पतीच्या वारसांकडे जाते, त्यांच्यानंतर तुमच्या माहेरकडे. आई-वडिलांकडून आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे वळते. म्हणजे पेन्शनमधून साठवलेल्या ९० लाखांवर दिराचा हक्क भावाच्या आधी. तुमच्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक, पण ते कागदावर आणा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. दोन साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि पुण्यातलेच घ्या, आणि नोंदणी करा. नामांकनावर विसंबू नका, नामांकित व्यक्ती पैसे फक्त सांभाळते.

थायलंडला पैसे ठेवणार असाल तर तिथल्या मालमत्तेपुरतं वेगळं थाई मृत्युपत्र करा. खातेदार गेल्याचं कळलं की बँक खातं गोठवते, आणि न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाशिवाय ८ लाख बाट सुटत नाहीत. वेगळं करताना एक वाक्य नीट बघा: 'याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असं वकील सवयीने घालतात. ते तसंच राहिलं तर पुण्यातलं मृत्युपत्रही रद्द होतं. 'थायलंडमधील मालमत्तेबाबतची' हे शब्द हवेतच.

आता हॉस्पिटल. खासगी रुग्णालय दाखल करताना अनामत मागतं, आणि बेशुद्ध माणूस कार्डाचा पिन सांगू शकत नाही. तिथल्या एका माणसाला, शेजारीण असो वा ओळखीची निवृत्त बाई, तुमच्या विम्याची प्रत, औषधांची नावं आणि भावाचा नंबर आधीच देऊन ठेवा. उपचार कुठवर करायचे हे लिहून ठेवणं थायलंडमध्ये २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याच्या कलम १२ खाली मान्य आहे. आपल्याकडेही २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मान्य झालं. २०२३ पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. दोन्हीकडचं करा. थाई प्रत थाई भाषेत, स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर पारदर्शक पाकिटात. रुग्णवाहिका १६६९ वर बोलावली की आलेली माणसं तिथेच बघतात.

भारतातला आरोग्य विमा तिकडे चालत नाही, म्हणून बरेच जण बंद करतात. बंद करू नका. सत्तरीत परत आलात तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा सुरू होते, आणि नवी पॉलिसी मिळेलच असंही नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेवढाच हप्ता हलका.

पांथस्थ

सहा महिन्यांचा प्रश्न चांगला विचारलात, कारण तुमच्यासाठी तेच सर्वांत सोयीचं दिसतं. भारतात वर्षात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर आयकराच्या दृष्टीने निवासी. ठरावीक काळापुरतं जाऊन परत येत असाल तर फेमाखालीही तुम्ही निवासीच राहता, त्यामुळे ३१.२ टक्के, टॅन, एनआरओ हे सगळं टळतं. आणि थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांच्या आत राहिलात तर तिथलेही कर-निवासी होत नाही. १८० दिवस भरले की २०२४ पासून बाहेरून आणलेलं उत्पन्न तिथे करपात्र धरतात. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतची जुनी बचत त्यातून सुटते, म्हणून त्या तारखेचं बँकेचं विवरण काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कोणते सहा महिने हे चियांग माईचा धूरच ठरवतो. फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि जंगलं जळतात, शहर डोंगरांच्या खोऱ्यात असल्यामुळे धूर कोंडतो. दोई सुथेपचा डोंगर शहरातून दिसेनासा होतो. रक्तदाब असलेल्या माणसाने त्या दिवसांत तिथे राहू नये. ऑगस्ट ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिकडे, मग पुण्याला. मुदतवाढीची तारीख मार्चमध्ये पडली तर ऐन धुरात जावं लागतं, म्हणून पहिला प्रवेशच असा आखा की वर्षाची तारीख नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येईल.

निर्णयाआधी दोन्हीकडे सहा-सहा आठवडे राहून या: मॉरिशसला वाईट हंगामात, फेब्रुवारीत, आणि चियांग माईला धूर टाळून, भर पावसात ऑगस्टमध्ये. हॉटेलात नको, महिन्याच्या भाड्याच्या खोलीत. त्या सहा आठवड्यांत एकदा सरकारी रुग्णालयात केस पेपर काढून रक्तदाब तपासून घ्या, गोळी तिथल्या दुकानात कुठल्या नावाने मिळते ते बघा, रात्री नऊनंतर एकटीने घरी परतायला वाहन मिळतं का ते बघा. चियांग माईला महाराज नाकोर्न हे विद्यापीठाचं रुग्णालय आहे, तिथे आधी रांगेचा अंदाज घ्या.

जेवणाचं: 'शाकाहारी' सांगून उपयोग नाही, भाजीतही माशांचा रस घालतात. शब्द आहे 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत, आकड्यातल्या १७ सारखं दिसणारं चिन्ह असतं. त्या दुकानात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. ताटलीत भात, वर दोन भाज्या, बाजूला टोफू. तिखट हवं तर 'फेत' म्हणायचं. दही-ताक मात्र घरीच लावावं लागेल, विरजणाची सोय पहिल्या आठवड्यातच करून ठेवा.

सुलभा_कोथरूड

मृत्युपत्राचं कलम १५ मला माहीतच नव्हतं. या आठवड्यात वकिलांची वेळ घेते. ऑगस्टमध्ये चियांग माईला सहा आठवडे जाऊन येईन, मॉरिशसचं त्यानंतर बघू. दक्षिणवारा, क्वात्र बोर्नला महिन्याच्या भाड्याने खोली शोधायची तर सुरुवात कुठून करू?

दक्षिणवारा

गणपतीच्या महिनाभर आधी मराठी मंडळींना लिहा, त्या दिवसांत सगळे एकमेकांच्या संपर्कात असतात. खोली तळमजल्यावरची नको, वादळात पाणी शिरतं. खिडक्यांना लाकडी किंवा लोखंडी झडपा आहेत का ते फोटोत नाही, व्हिडिओ कॉलवर बघून घ्या.